इको केला, अँजिओग्राफी नॉर्मल आली, मग हार्टचा एमआरआय कशाला?

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमाराला साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या एखाद्या मैदानावर जा. पोलीस भरती आणि आर्मी भरतीची तयारी करणारी पोरं राऊंड मारताना दिसतील. सोळाशे मीटरचं टायमिंग बसत नाही म्हणून कुणी जीव काढून पळत असतो, कुणी गोळाफेकीच्या मागे लागलेला असतो. तिकडं तालमीत जोर-बैठका चालू असतात.

या भागाला पळण्याचं आणि कुस्तीचं वेड काही नवीन नाही. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची फायनल गाठणाऱ्या ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीच्या.

अशाच एखाद्या मैदानावर कधीतरी एखादा पोरगा पळता पळता कोसळतो. लोक धावतात. कुणी कांदा हुंगवतं, कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी ग्लुकोज पाजतं. दोन मिनिटांत पोरगा उठून बसतो. "उपाशीपोटी पळाला असेल," "ऊन लागलं असेल," असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात.

बहुतेक वेळा कारण तेच असतं. उपास, ऊन, अंगातलं पाणी कमी होणं. पण काही वेळा ती चक्कर म्हणजे हृदयाच्या स्नायूने दिलेली पहिली सूचना असते. आणि ती सूचना नेमकी कशाची आहे, हे ईसीजी, इको आणि अँजिओग्राफी करूनही कळत नाही तेव्हा डॉक्टर म्हणतात, "हार्टचा एमआरआय करून घ्या."

इथं घरच्यांच्या मनात प्रश्न येतो. एवढ्या तपासण्या झाल्या, ब्लॉकेज नाही म्हणाले, मग आणखी हा खर्च कशाला?

त्याचंच उत्तर आज नीट समजून घेऊ.

आधी हृदयाची मोटर समजून घ्या

कृष्णाकाठच्या माणसाला हे उदाहरण पटकन कळेल. नदीवर पाण्याची मोटर बसवलीये. शेतात पाणी येत नाहीये. का?

पाईपलाईन चोकअप झाली असेल. फूटव्हॉल्व्ह खराब झाला असेल. स्टार्टर किंवा वायरिंगमध्ये गडबड असेल. किंवा मग यातलं काहीच नसेल आणि मोटरच आतून गेली असेल.

हृदयाचंही असंच आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या चोंदल्या की त्याला आपण ब्लॉकेज म्हणतो, तो अँजिओग्राफीत दिसतो. झडप खराब झाली तर इकोमध्ये दिसते. ठोक्यांची वायरिंग बिघडली तर ईसीजीत खुणा मिळतात. पण हृदय म्हणजे मुळात एक स्नायू आहे. तो स्नायूच आजारी पडला तर त्याला कार्डिओमायोपॅथी म्हणतात.

आता लोकांची गफलत कुठं होते? छातीत दुखलं, अँजिओग्राफी केली, ब्लॉकेज निघाला नाही, की आपण पेढे वाटतो. "हार्टला काही नाही" असं सगळ्यांना सांगतो. प्रत्यक्षात अँजिओग्राफीने फक्त पाईपलाईन साफ आहे एवढंच सांगितलेलं असतं. मोटरबद्दल ती फारसं काही बोललेली नसते.

दुर्मीळ म्हणजे नेमका किती दुर्मीळ?

स्नायूच्या या आजारांचे बरेच प्रकार आहेत. त्यातला एक बऱ्यापैकी आढळणारा म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, थोडक्यात एचसीएम. यात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत कारण नसताना जाड होते. बीपी नाही, झडप आकसलेली नाही, तरी भिंत जाड. मोठ्या माणसात ही भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड निघाली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर एचसीएम धरतात.

लंडनमधले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली अशा आठ तरुणांच्या हृदयांचं वर्णन छापलं. यातले बहुतेक अचानक दगावलेले होते आणि त्यांच्या हृदयाची भिंत एका बाजूला विचित्र जाड झालेली होती. म्हणजे त्या काळात हा आजार सापडायचा तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. माणूस जिवंत असताना तो पकडता येऊ लागला ते नंतर इको आल्यावर.

जगभरात साधारण ५०० माणसांमागे एकाला एचसीएम असतो असं मानलं जातं. हाच हिशेब आपल्याकडे लावून बघा. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांच्या घरात होती आणि सांगलीची २८ लाखांच्या. म्हणजे दोन जिल्ह्यांत मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास माणसं झाली.

घाबरू नका. यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण काही जणांना होतो, आणि तो बऱ्याचदा तरुणपणी होतो. बाकीचे प्रकार, म्हणजे अमायलॉइड, फॅब्री, सारकॉइड वगैरे, हे खरोखर दुर्मीळ आहेत. आणि त्यातला खरा घोळ पुढं आहे.

इको कुठं थांबतो?

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. स्वस्त, झटपट, तालुक्याच्या गावीही होणारी तपासणी. पंपिंग किती आहे, कप्पे मोठे झालेत का, झडपा कशा आहेत, हे सगळं इको सांगतो. स्नायूच्या आजाराचा पहिला संशयही बहुतेक वेळा ईसीजी आणि इकोमधूनच येतो. त्यामुळं एमआरआय आला म्हणून इको बाद झाला असं अजिबात नाही.

पण इकोला दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण नजरेची. इकोच्या लहरी बरगड्यांच्या फटीतून आत जातात. माणूस स्थूल असेल, फुप्फुसं फुगलेली असतील, तर चित्र धुरकट येतं. हृदयाचं खालचं टोक आणि उजवा कप्पा हे भाग तर नीट पकडणं अवघडच. काही जणांत भिंत फक्त त्या टोकाशीच जाड झालेली असते. ती इकोमध्ये सुटून जाऊ शकते.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. भिंत जाड आहे, हे इको सांगतो. ती का जाड आहे, हे त्याला बऱ्याचदा खात्रीने सांगता येत नाही.

घराची भिंत फुगलेली दिसतेय. आत सिमेंट जास्त झालंय, पाणी मुरलंय, की वाळवीने वारूळ केलंय, हे बाहेरून टेप लावून कसं कळणार? त्यासाठी भिंतीच्या आत बघायला लागतं. हार्टचा एमआरआय हेच काम करतो. इको प्रामुख्याने हृदयाचा आकार आणि हालचाल दाखवतो, तर एमआरआय त्यासोबत स्नायू कशाचा बनलाय हेही दाखवतो.

मशीन नेमकं करतं काय?

आपल्या शरीरात भरपूर पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजन. एमआरआयचं मशीन म्हणजे एक प्रचंड ताकदीचं चुंबक. हार्टसाठी सहसा १.५ टेस्लाचं मशीन वापरतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३० हजार पट ही ताकद होते. या चुंबकात हायड्रोजनचे कण एका दिशेने वळतात. मग रेडिओ लहरी सोडून त्यांना हलवलं जातं आणि ते पुन्हा जाग्यावर येताना जो सिग्नल देतात, त्यातून चित्र तयार होतं.

पाणी, चरबी, सूज, लोह या प्रत्येकाचा जाग्यावर येण्याचा वेळ वेगवेगळा असतो. त्यामुळं आत काय आहे हे ओळखता येतं. या तंत्राचा पाया घालणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. यात एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखं रेडिएशन नसतं.

मेंदूचा किंवा गुडघ्याचा एमआरआय त्या मानाने सोपा, कारण ते अवयव गप पडून राहतात. हृदय मात्र मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा हलतं. म्हणून छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावून प्रत्येक ठोक्याच्या ठरावीक क्षणी चित्र घेतात. श्वासानेही छाती हलते, म्हणून पेशंटला सारखं सांगितलं जातं, "श्वास सोडा, रोखून धरा." दहा-पंधरा सेकंद रोखायचा, सोडायचा, परत रोखायचा. असं पाऊण तास ते तासभर चालतं.

औषध टाकून चित्र काढतात ते का?

तपासणीच्या मध्येच हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम नावाचं एक औषध सोडतात. मग दहा-पंधरा मिनिटं थांबून परत चित्रं काढतात. हार्टच्या एमआरआयमधला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

घट्ट रचलेल्या विटांच्या भिंतीत पाणी मुरत नाही. पण भिंत जिथं भेगाळलेली असते, तिथं ओल धरते आणि लवकर सुकत नाही. गॅडोलिनियमचं तसंच आहे. ते जिवंत पेशीच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेत फिरतं. निरोगी स्नायूत पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, त्यामुळं औषध येतं आणि निघून जातं. जिथं पेशी मरून व्रण पडलाय तिथं जागा मोकळी असते, औषध तिथं रेंगाळतं. चित्रात निरोगी स्नायू काळा दिसतो आणि व्रण पांढरा.

या पांढऱ्या डागाची जागाही बोलते. हार्ट अटॅकचा व्रण भिंतीच्या आतल्या बाजूने सुरू होतो आणि एखाद्या नळीच्या हद्दीत बसतो. स्नायूच्या आजाराचा व्रण बऱ्याचदा भिंतीच्या मध्यावर किंवा बाहेरच्या बाजूला असतो, आणि तो कुठल्या एका नळीच्या हद्दीत बसत नाही. म्हणजे 'पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय' एवढंच माहीत असलेल्या पेशंटमध्ये ते कशामुळं आलं, याचा धागा इथं सापडतो.

भिंत जाड दिसते, आजार मात्र तीन वेगळे

आता मघाचा घोळ. समजा तीन पेशंट आहेत. तिघांच्या इकोच्या रिपोर्टवर एकच ओळ आहे, 'डाव्या कप्प्याची भिंत जाड'.

पहिल्याला निघाला एचसीएम. एमआरआयमध्ये भिंत नेमकी कुठं आणि किती जाड आहे हे कळतं आणि व्रण किती पसरलाय तेही. डाव्या कप्प्याच्या स्नायूत १५ टक्क्यांहून जास्त व्रण असेल, तर ठोका अचानक बिघडण्याचा धोका वाढलेला समजतात. घराण्यात कुणाचा अचानक मृत्यू झालाय का, चक्कर येऊन पडलाय का, या गोष्टी आणि हा व्रण एकत्र बघून आयसीडी बसवायचं का ते डॉक्टर ठरवतात. आयसीडी म्हणजे ठोका जीवघेणा बिघडला तर आतूनच शॉक देणारं छोटं यंत्र.

दुसऱ्याला निघाला अमायलॉइड. यात स्नायू वाढलेलाच नसतो. एक बिघडलेलं प्रथिन पेशींच्या मधल्या जागेत साचत जातं आणि भिंत फुगते. म्हणून गंमत अशी होते, की इकोत भिंत जाड दिसते पण ईसीजीतल्या रेषा बारीक येतात. एमआरआयमध्ये औषध सगळ्या भिंतीत पसरून बसतं. याचा एक प्रकार रक्तपेशी बनवणाऱ्या मज्जेच्या बिघाडातून येतो. त्याला केमोथेरपीच्या धर्तीवरची औषधं लागतात आणि तीही उशीर न करता. म्हणून एमआरआयवर संशय आला की लगेच रक्त-लघवीच्या विशेष तपासण्या, गरज पडल्यास न्यूक्लिअर स्कॅन किंवा बायोप्सी करतात. अशा काही पेशंटच्या दोन्ही हाताच्या बोटांना आधी कित्येक वर्षं मुंग्या येत असतात, कारण तेच प्रथिन मनगटातही साचतं.

तिसऱ्याला निघाला फॅब्री. शरीरात एक एन्झाइम कमी पडतं आणि एक प्रकारची चरबी पेशींच्या आत साठत राहते. लहानपणापासून तळहात-तळपाय जळजळणं, घाम न येणं, पुढं किडनीचा त्रास, अशी याची पार्श्वभूमी असते. एमआरआयमध्ये स्नायूचा एक आकडा मोजतात, त्याला टी-वन म्हणतात. अमायलॉइडमध्ये तो वर जातो, फॅब्रीत चरबीमुळं खाली येतो. इकोत सारखीच दिसणारी भिंत, पण इथं आकडे उलट्या दिशेला. फॅब्रीत बाहेरून ते एन्झाइम देता येतं, दर दोन आठवड्यांनी शिरेतून.

तिघांनाही नुसतं 'हार्ट मोठं झालंय' म्हणून एकच गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर? एमआरआयचा खर्च कशाला, याचं खरं उत्तर इथं आहे. कारण कळलं की उपचारांची दिशाच बदलते.

भिंत जाड नसेल तरी

काही आजारांत भिंत जाड नसते. तिथंही एमआरआय कामाला येतो.

एका आजारात उजव्या कप्प्याच्या स्नायूची जागा हळूहळू चरबी आणि व्रण घेतात. त्याचं नाव अरिदमोजेनिक कार्डिओमायोपॅथी. यात जोरकस व्यायामाने आजार वाढतो, म्हणून निदान झालं की स्पर्धेचं पळणं थांबवायला सांगतात. भरतीची तयारी करणाऱ्या पोराला हे ऐकणं किती जड जाईल हे सांगायला नको. पण कळलेलं बरं.

मायोकार्डायटिसमध्ये, म्हणजे तापानंतर वगैरे हृदयाच्या स्नायूला सूज येते तेव्हा, छातीत हार्ट अटॅकसारखंच दुखतं, रक्तातला ट्रोपोनिन वाढतो, पण अँजिओग्राफी साफ येते. एमआरआय ती सूज दाखवतो. अशा पेशंटला साधारण तीन ते सहा महिने मैदानापासून लांब ठेवतात.

सारकॉइडमध्ये हृदयात जागोजागी गाठींसारखे डाग पडतात. आपल्याकडं याची गाठ टीबीशी पडते. टीबीही क्वचित हृदयाच्या स्नायूत शिरतो आणि चित्र बरंचसं सारखं दिसतं. सारकॉइडला स्टिरॉइड देतात. टीबी असताना टीबीची औषधं न देता नुसते स्टिरॉइड दिले तर आजार भडकतो. म्हणून इथं फक्त एमआरआयवर भागत नाही, छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो.

थॅलेसेमियाच्या मुलांना सारखं रक्त चढवावं लागतं, त्यामुळं हृदयात लोह साठतं. ते किती साठलंय हे बायोप्सी न करता मोजायचं तर टी-टू-स्टार नावाची एमआरआयचीच पद्धत वापरतात. हा आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की सावध व्हायचं, १० च्या खाली म्हणजे परिस्थिती गंभीर.

पैलवानाचं हृदय मोठं असतंच की!

हा प्रश्न तालमीत हमखास येतो आणि तो रास्त आहे. वर्षानुवर्षं कसून मेहनत केली की हृदयाची भिंत थोडी जाड होते, कप्पेही मोठे होतात. तो आजार नाही. अडचण येते ती भिंत १३ ते १५ मिलिमीटरच्या मध्ये सापडली की. हे मेहनतीचं फळ की आजाराची सुरुवात?

इथं एमआरआय बरीच मदत करतो. मेहनतीच्या हृदयात सहसा वाढ सारखी असते, कप्पाही मोठा असतो आणि व्रण नसतो. आजारात भिंत एका बाजूला वाढते आणि पांढरे डाग दिसू शकतात. तरीही शंका राहिली तर काही महिने मेहनत थांबवून परत मोजमाप घेतात. मेहनतीने वाढलेली भिंत उतरते, आजाराची उतरत नाही.

एकाचा रिपोर्ट, सगळ्या घराचा प्रश्न

एचसीएम बऱ्याचदा घराण्यातून येतो. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडे बिघडलेलं जनुक असेल तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा-मुलगी असा भेद नाही.

२००९ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये एक संशोधन आलं. त्यात हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञही होते. हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकात २५ अक्षरं गळालेली असण्याचा एक प्रकार दक्षिण आशियातल्या जवळपास ४ टक्के लोकांत सापडतो, आणि त्यांच्यात स्नायूच्या आजाराचा धोका जास्त असतो, असं त्यात दाखवलं होतं. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की हा एकटा बदल असलेल्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही. पण आपल्याकडं हा विषय 'परदेशातला आजार' म्हणून सोडून देण्यासारखा नाही, हे नक्की झालं.

त्यात आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. रक्ताच्या नात्यात लग्न झालं तर एकच बिघडलेलं जनुक आई-वडील दोघांकडून येण्याची शक्यता वाढते. अशा बाळाला हा आजार अगदी लहानपणी आणि जोरात होऊ शकतो. रीत बरी की वाईट हा वाद बाजूला ठेवा. पण घराण्यात असा आजार असेल तर सोयरीक जुळवताना डॉक्टरांशी एकदा बोलावं.

म्हणून एकाचं निदान झालं की आई-वडील, सख्खे भाऊ-बहीण आणि मुलं यांचा ईसीजी आणि इको करायला सांगतात. आज नॉर्मल आला म्हणजे कायमचा सुटला असं नाही. लहान मुलांचा साधारण एक-दोन वर्षांनी, मोठ्यांचा तीन ते पाच वर्षांनी परत करतात. सगळ्यांचा एमआरआय करायची गरज नसते. ज्याच्या ईसीजी-इकोत खोट दिसेल त्याचाच पुढं करतात.

सातारा-सांगलीतल्या पेशंटने काय बघावं?

मिरजेला १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं. त्या काळापासून कर्नाटकातूनही पेशंट इथं येतात. कराड, सातारा, सांगलीतही आता मोठी रुग्णालयं आहेत, एमआरआय मशीनं आहेत. पण एक लक्षात ठेवा, एमआरआय मशीन आहे म्हणजे तिथं हार्टचा एमआरआय होतोच असं नाही. त्याला वेगळं सॉफ्टवेअर, वेगळी कॉइल, हे काम येणारा टेक्निशियन आणि चित्र वाचणारा अनुभवी डॉक्टर लागतो. त्यामुळं एसटीत बसण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. हार्टचा एमआरआय इथं होतो का? गॅडोलिनियम देऊन करता का, आणि टी-वन मॅपिंग होतं का? रिपोर्ट कोण वाचतं? जवळ सोय नसेल तर डॉक्टर कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला पाठवतात.

पैशाचं म्हणाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. तुमच्या आजाराच्या पॅकेजमध्ये ही तपासणी धरलीये का, हे त्याला आधीच विचारा. फॅब्रीसारख्या आजारासाठी केंद्र सरकारचं २०२१ चं दुर्मीळ आजार धोरण आहे. त्यात ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम हे असं केंद्र आहे.

तपासणीला जाताना मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, करदोट्याची चांदी, पट्टा, मोबाईल, एटीएम कार्ड सगळं बाहेर. चुंबक कायम चालू असतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेलं गेलं आणि एका नातेवाईकाचा जीव गेला. त्यामुळं तिथले लोक दारात अडवतात तेव्हा वाद घालू नका.

पेसमेकर, कानात बसवलेलं मशीन, मेंदूतली क्लिप, वेल्डिंगचं काम करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, यातलं काही असेल तर आधीच सांगा. स्टेंट आणि कृत्रिम झडपेला सहसा अडचण नसते, तरी कागद सोबत न्या. किडनीचा आजार असेल किंवा बाई गरोदर असेल तर गॅडोलिनियमबद्दल डॉक्टर वेगळा विचार करतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही बोला. आणि आयसीडी किंवा पेसमेकर बसवायचं ठरत असेल, तर एमआरआय त्याआधी करून घेता येईल का, हे विचारा. यंत्र बसल्यावर चित्र खराब येतं, काही जुन्या यंत्रांसोबत तर तपासणीच करता येत नाही.

रिपोर्टच्या कागदासोबत सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरला ती चित्रंच बघायची असतात.

एमआरआय म्हणजे शेवटचा शब्द नाही

एमआरआय काही जनुक वाचत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते. व्रण नसला म्हणजे धोका शून्य, असंही नाही. ठोके फार अनियमित असतील किंवा पेशंटला श्वास रोखता येत नसेल तर चित्र खराब येतं. आणि प्रत्येक चक्कर येणाऱ्याला एमआरआय करायचा नसतो. आधी डॉक्टरांशी बोलणं, मग ईसीजी, मग इको, आणि तिथं काही खटकलं तर एमआरआय. हा क्रम सोडू नका.

मग कुठल्या चक्करेला हलक्यात घ्यायचं नाही? पळताना, कुस्ती करताना, म्हणजे ऐन जोरात असताना आलेली. कसलीही चाहूल न देता आलेली. छातीत धडधड होऊन आलेली. आणि घराण्यात कुणी चाळीशीच्या आत 'झटका आला अन् गेला' असं झालं असेल तर त्या घरातल्या तरुणाला आलेली कुठलीही. यातलं काही असेल तर आधी पळणं थांबवा, ईसीजी-इको करा, मग मैदानावर जा.

आणि कोसळलेला माणूस हाक मारून उठत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर कांदा शोधत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, वेगात दाबायला सुरुवात करा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत.

तुमच्या ओळखीत भरतीची तयारी करणारं, तालमीत जाणारं कुणी असेल, तर त्याला एवढंच विचारा, "पळताना कधी चक्कर येऊन पडलायस का?"

'हो' म्हणाला, तर त्याला आधी ईसीजीला पाठवा.